जाधवसाहेबांचं तिकीट

जाधवसाहेब आमच्या सोफ्यावर बसले, आईने पाणी आणून दिलं, आणि आप्पांनी त्यांना तिकीट विचारलं नाही.

हे वाचून तुम्हाला काही वाटणार नाही. आमच्या घरात मात्र पंखा सोडून सगळं थांबलं. माझे वडील, सर्जेराव शिंगटे, एसटीत तिकीट तपासनीस होते. निवृत्त झाले ते फक्त महामंडळापुरते. विट्यात आमच्या घरी कुणीही एसटीने आलं की आप्पा आधी हात पुढे करायचे आणि मग 'या, बसा' म्हणायचे. तिकीट घ्यायचे, चष्मा कपाळावर चढवायचे, कंडक्टरने टप्पा बरोबर लावलाय का बघायचे आणि परत द्यायचे. माझी आत्या तिकीट कमरेच्या पिशवीत जपून आणायची, प्रसाद आणल्यासारखं. माझ्या बहिणीचे, वैजूताईचे, यजमान धैर्यशीलदाजी लग्नानंतर पहिल्यांदा आले ते तिकीट स्टँडवर फेकून. आप्पा त्यांना घेऊन पुन्हा स्टँडवर गेले आणि दोघांनी मिळून ते शोधलं. तेव्हापासून दाजी कितीही ऊन असलं तरी मोटारसायकलवरून येतात.

आणि हे जाधवसाहेब तर सांगलीच्या गाडीने आलो, गर्दी फार होती, असं स्वतःच्या तोंडाने सांगत होते. आप्पा मान हलवत होते. हात मांडीवर.

तेव्हा मी सव्वीसचा होतो आणि माझं फ्लेक्सचं दुकान होतं, अजूनही आहे. वाढदिवस, निवड, श्रद्धांजली. बरेच चेहरे याच क्रमाने माझ्याकडून जातात, त्यामुळे माणसांवर माझा फार विश्वास नाही. जाधवसाहेबांवर तर पहिल्या घोटापासूनच नव्हता.

ते कोइमतूरच्या कुठल्याशा सुवर्णछाया पेढीकडून आले होते. आमच्या भागातली माणसं सोनं गाळायच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली असल्यामुळे कोइमतूर म्हटलं की विट्यात कुणी दचकत नाही, उलट कुठला चौक म्हणून विचारतात. योजना सोपी होती. आप्पांनी बँकेतली मुदत ठेव मोडायची, फंड आणि ग्रॅच्युइटीचं सगळं त्यात होतं. त्या पैशांचं पेढी सोनं घेणार, सोनं पेढीकडेच राहणार, आणि दर महिन्याला त्याचा मोबदला घरी येणार.

"बँकेत पैसा झोपतो," जाधवसाहेब म्हणाले. "आमच्याकडे तुमचं सोनं कामाला जाणार. महिन्याला पगार आणून देणार."

"निवृत्त कधी होतं ते?" मी विचारलं.

जाधवसाहेब हसले. आप्पा हसले नाहीत. ते म्हणाले, दिवस वाईट आहेत, व्याजदर खाली चाललेत, एसटीचा संप मिटला तरी पेन्शनीचं काय सांगावं, माणसाने वेळेत काहीतरी करायला पाहिजे. मग म्हणाले, पुढच्या रविवारी सगळे जमा, घर म्हणेल तसं मी सही करीन.

हे फारच संशयास्पद होतं. आप्पांनी घराला काही विचारल्याचं मला आठवत नव्हतं. माझं नावसुद्धा त्यांनी परस्पर ठेवलं होतं.

त्यात आमच्या गावात नुकतीच एक पतसंस्था बुडाली होती. तिच्या शटरला दोन कुलपं होती. एक चेअरमनने आतलं बाहेर जाऊ नये म्हणून लावलेलं आणि दुसरं ठेवीदारांनी, चेअरमन आत जाऊ नये म्हणून. 'ठेवीदारांचा विश्वास हीच आमची ठेव' हा त्यांचा फ्लेक्स मीच केला होता. पैसे अजून यायचेत. अर्ध्या गावाचे पैसे अडकले, आप्पांचे नाही. त्यांनी दोन वर्षं आधीच काढून घेतले होते, कारण चेअरमन एकदा गाडीत मुलाला अर्ध्या तिकिटावर आणताना सापडले होते आणि मुलाला मिशी होती. 'जो मिशी लपवतो तो काहीही लपवील,' असं आप्पा तेव्हा म्हणाले होते. आता तेच आप्पा सोन्याला नोकरी लावायला निघाले होते.

ते पैसे गेले तर आमच्याकडे काय उरणार याचा हिशेब करायला कागद लागत नव्हता. आईचं म्हातारपण, आप्पांची औषधं, सगळं त्या एका ठेवीवर होतं. माझ्या दुकानावर फक्त माझा चहा चालायचा, तोही उधार.

मी चौकशी करायचं ठरवलं. माझा मित्र पोलिसांत आहे. त्याने विचारलं, दिसायला कसा आहे? मी दिवसभर लोकांचे चेहरे कापून दुसऱ्या लोकांशेजारी चिकटवतो, एकदा बघितलेला चेहरा मी विसरत नाही. जाधवसाहेबांचा मात्र आठवेना. नाक होतं, त्याबद्दल माझी खात्री होती. मिशी असावी. मित्र म्हणाला, वर्णन जुळतंय, पण विट्यातल्या सगळ्यांशीच.

ज्याचा चेहरा लक्षात राहत नाही तो माणूस सरळ असू शकत नाही, असं मी आईला सांगितलं. आई स्वयंपाकघरात होती. आजकाल आप्पा आत आले की ती त्यांच्या मागोमाग यायची आणि ते बाहेर गेले की गॅसची बटणं बघायची. चहा त्यांना करू द्यायची नाही. हेही मला खटकत होतं. मी विचारलं, तुमच्यात काय चाललंय? ती म्हणाली, काही नाही. आईचं 'काही नाही' म्हणजे निदान तीन गोष्टी असतात.

शिवाय आप्पा मधूनच कऱ्हाडला जायला लागले होते. पेन्शनीचं काम आहे म्हणायचे. त्यांचं पेन्शनीचं ऑफिस कऱ्हाडला नाही. जेवताना पेठ नाक्यावर पकडलेल्या कंडक्टरची गोष्ट ते पहिल्या भाकरीला सांगायचे आणि तिसऱ्या भाकरीला पुन्हा सांगायचे, शब्दाला शब्द तोच. पाठ करून ठेवलेली साक्ष अशीच असते, असं मी मनाशी म्हणालो.

बुधवारी जाधवसाहेब पुन्हा आले, हातात कागदांचा गठ्ठा घेऊन. पुन्हा सांगलीची गाडी, पुन्हा गर्दी, पुन्हा आप्पांचा हात मांडीवर. मला राहवलं नाही. मी हात पुढे केला आणि म्हणालो, "तिकीट?"

जाधवसाहेबांचा हात खिशाकडे निम्मा गेला होता. तेवढ्यात आप्पा म्हणाले, "सुजित, पाहुण्याला तिकीट विचारतात का कधी?"

आई दारात उभी होती, तिने डोळे मिटून घेतले. आत्या त्या दिवशी योगायोगाने आमच्याकडेच होती. इतकी वर्षं कमरेला तिकीट खोचून आलेली ती बाई, तिच्या हातातला पोह्यांचा घास ताटलीत परत पडला. जाधवसाहेबांनी खिशातला हात रिकामाच बाहेर काढला आणि आप्पांकडे असं बघितलं, की काहीतरी चुकलंय पण कुणाला सांगावं.

त्या एका नजरेवरून मला कळलं. हे दोघं एकमेकांना ओळखतात.

जाधवसाहेब निघाले, तसे आप्पा 'पोचवून येतो' म्हणून त्यांच्याबरोबर गेले. मी मागोमाग. स्टँडच्या कंपाउंडला मी केलेला एक वाढदिवसाचा फ्लेक्स लावलेला होता. वाऱ्याने फाटू नये म्हणून फ्लेक्सला भोकं पाडतात. माझ्या कारागिराने एक भोक बरोबर उत्सवमूर्तीच्या हनुवटीत पाडलं होतं, त्याबद्दल माझी त्याच्याशी भांडणं झाली होती. आज मी त्याचे मनातल्या मनात आभार मानले आणि त्या हनुवटीला डोळा लावून उभा राहिलो.

कँटीनच्या बाकावर दोघं चहा पीत होते, आणि हसत होते. आप्पा असे हसलेले मी फक्त जुन्या फोटोत बघितले होते. मग जाधवसाहेबांनी खिशातून दोनचार चिटोऱ्या काढून आप्पांना दिल्या, आप्पांनी त्या नीट बघितल्या आणि पाकिटातून नोटा काढून जाधवसाहेबांच्या हातावर ठेवल्या.

म्हणजे पैसे द्यायला सुरुवातही झाली होती आणि पावत्याही मिळत होत्या. रविवारचं मतदान नुसतं नाटक. मी जाग्यावर सगळ्या शक्यता तपासल्या. आप्पांना गुंगीचं औषध दिलंय. आप्पांना कुणीतरी धमकावतंय. आप्पांचं कऱ्हाडला दुसरं घर आहे आणि जाधवसाहेब तिकडचे मेहुणे आहेत. ही तिसरी मला फार आवडली नाही, पण कऱ्हाडच्या फेऱ्या तीत चपखल बसत होत्या.

जाधवसाहेबांची गाडी गेली. आप्पा मात्र तिथेच, स्टँडच्या मध्यभागी. इकडे वळले, तिकडे वळले, फलाटांवरच्या पाट्या एकेक करून वाचल्या. कुणी पाठलाग करतंय का बघतायत, असं समजून मी हनुवटीपासून मागे सरकलो. पुन्हा डोळा लावला तर ते कंट्रोल केबिनमधल्या साहेबाशी काहीतरी बोलत होते. साहेब आधी हसला, मग हसायचा थांबला. बाहेर आला, आप्पांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना गेटपर्यंत घेऊन आला आणि आमच्या घराकडे जाणारा रस्ता हाताने दाखवला.

डेपोसुद्धा यात सामील आहे, असा मी निष्कर्ष काढला.

रविवारी सगळे जमले. दाजी आणि वैजूताई मोटारसायकलवरून आले. जाधवसाहेब कागद टीपॉयवर मांडून बसले होते. आप्पा मधल्या खुर्चीत, इस्त्रीच्या शर्टात, खिशाला पेन. चौकशी समितीपुढे कंडक्टर उभा करावा तसं त्यांनी एकेकाला विचारायला सुरुवात केली.

दाजींनी सांगितलं की त्यांनी योजना पूर्ण अभ्यासली आहे. अभ्यासात त्यांनी एकच प्रश्न जाधवसाहेबांना विचारला होता असं नंतर कळलं, तो म्हणजे गिऱ्हाईक आणून दिलं तर काय सुटतं. वैजूताई म्हणाली, आप्पांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या चुका काढल्या, त्यांना कळणार नाही तर कुणाला, त्यांच्या मनासारखं होऊ दे. आईला विचारलं, तेव्हा ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं." ती त्यांच्याकडे बघत नव्हती.

मग आप्पा माझ्याकडे वळले. "तू बोल."

"नाही," मी म्हणालो.

"कारण?"

कारणं पुष्कळ होती, पण कुठलंही तोंडावर येईना. मी म्हणालो, "माझा या माणसावर विश्वास नाही."

"तो मी बघतो. पैसे माझे आहेत, अक्कल माझी शाबूत आहे. मी सही करतोय." त्यांनी खिशाचं पेन काढलं, टोपण उघडलं.

"तुमच्यावरही नाही," मी म्हणालो आणि पेन त्यांच्या हातातून काढून घेतलं.

माझ्या सव्वीस वर्षांत मी आप्पांच्या हातातून कधी वर्तमानपत्रसुद्धा घेतलं नव्हतं. दाजी म्हणाले, अरे सुजित, अरे. वैजूताई उठून उभी राहिली. मी पेन कुठे ठेवावं ते न कळून त्याच्यावरच बसलो, आणि कागदही ओढून खाली घेतले. टोपण उघडंच राहिलं होतं हे मला नंतर पँट धुताना कळलं.

"पेन दे."

"नाही देत."

"मी तुझा बाप आहे."

"म्हणूनच," मी म्हणालो. "तुम्ही कोऱ्या फॉर्मवर कधी कुणाला सही दिली नाहीत. मिशीवरून चेअरमन ओळखलात. तुम्ही हे करणार नाही. तुम्ही करताय म्हणजे कुणीतरी तुमच्याकडून करवून घेतंय. मला घरातून काढा, पण मी उठणार नाही."

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मग खुर्चीत मागे टेकले आणि जाधवसाहेबांना म्हणाले, "भिसे, झालं आपलं काम."

जाधवसाहेबांनी सुस्कारा सोडला आणि टाय काढून खिशात कोंबला. "टाय सोडून बाकी सगळं जमलं," ते म्हणाले.

ते कोइमतूरला जन्मात गेले नव्हते. गणपत भिसे त्यांचं नाव, राहणार सांगली. खात्यात असताना त्यांचं काम एकच होतं. साध्या कपड्यांत गाडीत बसायचं आणि कंडक्टर पैसे घेऊन तिकीट देतो की नाही ते बघायचं. वर्षानुवर्षं त्याच गाड्यांत त्याच कंडक्टरांसमोर बसूनही त्यांना कुणी ओळखलं नाही, म्हणून आप्पांना राज्यात त्यांच्याइतका भरवशाचा माणूस दुसरा माहीत नव्हता. मी स्टँडवर बघितलेल्या त्या चिटोऱ्या म्हणजे त्यांची तिकिटं. येण्याजाण्याचा खर्च आप्पा तिकीट बघितल्याशिवाय देत नव्हते.

दाजींनी विचारलं, पण हे सगळं कशासाठी? त्यांचा आवाज जरा चढला होता, कारण त्यांनी दोन गिऱ्हाइकांना शब्द दिला होता.

आप्पांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला. मग म्हणाले की कऱ्हाडला मेंदूचा डॉक्टर आहे, गेले काही महिने भिसे त्यांना तिथे घेऊन जातात. डॉक्टर म्हणालेत, विसरायला सुरुवात झाली आहे, गोळ्यांनी थोडं हळू होईल, थांबणार नाही.

आई मान खाली घालून ऐकत होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण गॅसची बटणं तीच बंद करत होती.

"असले जाधवसाहेब खरेखुरे येतील," आप्पा म्हणाले. "गोड बोलतील आणि मी सही करीन. मला वाटेल मीच ठरवलंय. तुम्ही म्हणाल, आप्पांना कळतं. आज मला कळतंय तोवर बघायचं होतं, की माझ्या हातातलं पेन कोण काढून घेतंय."

वैजूताई रडायला लागली होती आणि दाजी तिला रुमाल द्यायच्या ऐवजी योजनेचं माहितीपत्रक देत होते.

मला मात्र आतून जरा बरं वाटत होतं, खरं सांगतो. एवढ्या मुरलेल्या दोन माणसांनी रचलेला डाव मी एकट्याने ओळखला होता. मी म्हणालो, मला पहिल्याच दिवशी संशय आला होता, कारण आप्पांनी तुम्हाला तिकीट विचारलं नाही. तिथेच तुम्ही दोघं चुकलात.

भिसे माझ्याकडे बघून थोडं हसले. "अरे, ते मी त्यांना चार वेळा सांगितलं होतं. मी आलो की आधी तिकीट मागा, नाहीतर पोरगा ओळखेल. स्टँडवरून फोन करूनसुद्धा सांगितलं. म्हणून तर खिशात तयार ठेवून बसायचो."

आप्पा त्यांच्याकडे वळले. चेहऱ्यावर नुसतं कुतूहल.

"असं ठरलं होतं?" त्यांनी विचारलं.

भिसेंनी कागद गोळा करायला घेतले. ते माझ्या खाली होते. मी उठलो.

दुसऱ्या दिवशी आप्पा स्वतः मला आणि आईला बँकेत घेऊन गेले. ठेव आता आईच्या आणि माझ्या नावावर आहे, आमच्या दोघांच्या सह्या असल्याशिवाय तिला हात लागत नाही. आप्पांची सही चालत नाही. मॅनेजरने त्यांना तीनतीनदा विचारलं, काका, नक्की ना? आप्पा म्हणाले, आज नक्की आहे, म्हणून आजच आलोय.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मधल्या काळात खरे जाधवसाहेबही येऊन गेले. एकाकडे भाड्याने द्यायच्या शेळ्या होत्या आणि एकाकडे चंद्रावरचं काहीतरी. दोघांनाही आप्पा हो म्हणाले, दोघांसमोर त्यांनी ऐटीत सही केली, आणि दोघं बँकेत जाऊन हात हलवत परत आले. आईचं घर चालतंय. आप्पांची औषधं त्यातूनच येतात.

परवा भिसे आले. थकलेत, काठी आहे. आप्पा व्हरांड्यात खुर्चीत बसलेले असतात, आम्हाला कधी ओळखतात, कधी नाही. भिसे पायरी चढून समोर उभे राहिले आणि म्हणाले, "शिंगटे, ओळखलं का?"

आप्पांनी हात पुढे केला. "तिकीट."

भिसे जागच्या जागी थांबले. मग खिशात हात घालून त्यांनी ज्येष्ठांचं अर्धं तिकीट काढलं आणि दिलं. आप्पांनी चष्मा कपाळावर चढवला, टप्पा बघितला, तारीख बघितली. तिकिटावरून नजर भिसेंच्या चेहऱ्यावर नेली आणि तिथे बराच वेळ ठेवली.

"ओळखपत्र?"

भिसेंनी तेही दिलं. आप्पांनी त्यावरचं नाव मोठ्याने वाचलं, "गणपत भिसे," आणि कार्ड परत केलं. भिसे माझ्याकडे न बघता म्हणाले, बरोबर आहे, सवलत घेतली की दाखवायला पाहिजे.

आप्पांनी मला बोटाने जवळ बोलावलं. मी वाकलो.

"ह्या माणसाकडे लक्ष ठेव," ते माझ्या कानात म्हणाले. "चेहरा लक्षात राहत नाही ह्याचा. काही सही करायला सांगेल, करू नकोस."

"नाही करत, आप्पा."

"मलाही करू देऊ नकोस."

"नाही देत."

त्यांची खात्री पटली. मग ते भिसेंकडे वळले, तिकीट परत त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाले, "या, बसा."